पद्मिनीची पेट्रोल लाइन: अख्खा रबरी पाइप, की लोखंडी नळी जुन्याच वाटेने?

पद्मिनीवाला (होटगी रोड, सोलापूर)
वडिलांची १९९१ ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट गाडी. सकाळी डिकी उघडली की पेट्रोलचा भपकारा यायचा. खाली बघितलं तर टाकीकडून पंपाकडे जाणारी लोखंडी नळी एका क्लिपखाली गंजून चाळण झालेली. मिस्त्री म्हणतो, "चार मीटर रबरी पाइप टाकतो, तासाभरात घेऊन जा." तो नेणार सायलेन्सरच्या कडेने आणि बांधणार केबल टायने!
माझं मत स्पष्ट आहे. लांबचा पल्ला धातूच्या नळीनेच, तोही मूळ वाटेने. रबर फक्त टोकांना, वीतभर, जिथे इंजिन हलतं तिथे.

हिशोबी
ओ मालक, गाडी वापरता किती? महिन्यातून एकदा अक्कलकोट. माझ्या मारुती ८०० ला २००७ पासून अख्खा रबरी पाइप आहे, एक थेंब गळला नाही. आणि मूळ वाट एवढी शहाणी होती तर नळी तिथेच का सडली? क्लिपमागे चिखल अडकतो, पावसाळाभर ओला राहतो. तीच चूक पुन्हा पैसे देऊन करायची?

पद्मिनीवाला
चिखलाचं कबूल. क्लिपखाली रबराचं अस्तर देईन. पण पंप कुठे आहे ते लक्षात घ्या. इंजिनवर, पुढे. तो टाकीतलं पेट्रोल ओढतो, म्हणजे मधल्या नळीत दाब नसतो, उलट ओढ असते. रबराला बारीक चीर गेली तर गाडी चालू असताना थेंबही दिसत नाही, हवा आत जाते आणि चढाला गाडी झटके देते. टपटप सुरू होते ती गाडी उभी केल्यावर. "एक थेंब गळला नाही" हे म्हणून मला पुरेसं वाटत नाही.
दुसरं, ओढीखाली पेट्रोल कमी तापमानाला उकळतं. मे महिन्यात आपल्याकडे ४२-४३ अंश, त्यात पाइप सायलेन्सरला चिकटलेला. नळीत वाफ धरणारच आणि पेट्रोल पुढे जाणार नाही. मग सात रस्त्याच्या सिग्नलला पंपावर ओलं फडकं टाकून बसा. जुन्या फियाटवाल्यांना हे फडकं माहीत आहे.

तांबेवाला
एवढं डोकं कशाला? फ्रिजच्या दुकानातून तांब्याची नळी आणा. हाताने वाकते, गंजत नाही.

पद्मिनीवाला
आणि हादऱ्यांनी कडक होऊन तडकते. घरातला फ्रिज विजापूर रोडच्या खड्ड्यांतून जात नाही, दादा.

ऊसकरी
इथेनॉलबद्दल अजून कोणीच बोललं नाही? आपल्याच जिल्ह्यातला ऊस, आपल्याच कारखान्यांचं इथेनॉल, आणि २०२३ पासून पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येऊ लागलं. नव्वदच्या दशकातलं रबर यासाठी बनवलेलंच नव्हतं. आतून फुगतं, मऊ पडतं, त्याचे कण कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, बसतात. टोकाला वीतभर टाका नाहीतर चार मीटर, पाइपावर एसएई जे३० आर९ (इंधनाच्या रबरी पाइपाचा दर्जा) छापलेलं बघूनच घ्या. ती दिसायला छान पारदर्शक प्लास्टिकची नळी तर मुळीच नको. गरमीत ढिली आणि वर्षभरात काचेसारखी कडक.

हिशोबी
म्हणजे चांगलं रबर मिळालं तर रबरावरचा आक्षेप संपला! उलट इथेनॉल पाणी धरून ठेवतं, गाडी महिनाभर उभी राहिली की लोखंड आतूनही गंजणार. याला काय उत्तर?

पद्मिनीवाला
कलई असलेली नळी घेईन, आणि गाडी आठवड्याला फिरवेन. दगड उडाला तर धातूला पोचा येईल, रबर कापलं जाईल. शिवाय नळीच्या टोकाला उभार काढून घेणार आहे, म्हणजे क्लॅम्पमधून पाइप निसटत नाही. क्लॅम्पही गोल कडांचे. दात्यांचे क्लॅम्प रबर चावतात.

हिशोबी
सायलेन्सरपासून लांब न्यावी, एवढंच मान्य. बाकी तुमची हौस आहे, करा. पण एक सांगा, वास डिकीत येत होता ना? सडलेली नळी तर गाडीखाली. टाकीवरच्या फ्लोटचं (पेट्रोल किती आहे ते दाखवणारा) पॅकिंग बघितलं का? आमच्या मामांनी अख्खी लाइन बदलली होती, गळत होतं पॅकिंगमधून.

पद्मिनीवाला
...नाही बघितलं. उद्या टाकी उघडतो.