मदत हवी आहे : 'मिराकोलो आ मिलानो'तला 'बुऑनजोर्नो' मराठीत कसा आणावा?

नमस्कार मंडळी,

इटालियन दिग्दर्शक वित्तोरिओ दे सिका यांच्या 'मिराकोलो आ मिलानो' (मिलानमधला चमत्कार) या सिनेमासाठी घरच्यांपुरती मराठी उपशीर्षकं लिहितेय. 1951 साली कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळालेला आणि 1952 च्या मुंबईतल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवलेला हा सिनेमा. आईला इंग्रजी वाचता येत नाही, आणि तिला तो दाखवायचाच आहे.

कोबीच्या मळ्यात सापडलेला तोतो अनाथाश्रमातून बाहेर पडतो आणि भेटेल त्याला मनापासून 'बुऑनजोर्नो' (इटालियन अभिवादन, शब्दशः 'चांगला दिवस') म्हणतो. लोक चिडतात! शेवटी झोपडपट्टीतली माणसं मिलानच्या कॅथेड्रलसमोर झाडूंवर बसून उडून जातात, जिथे 'बुऑनजोर्नो'चा अर्थ खरोखरच 'बुऑनजोर्नो' असतो अशा राज्याकडे. ती ओळ आली की माझे डोळे भरून येतात.

पण लिहू काय? 'शुभ सकाळ' मोबाइलवरच्या फुलांच्या चित्रांनी गुळगुळीत झालंय. 'नमस्कार'मध्ये दिवस चांगला जावा ही इच्छा येत नाही. 'रामराम' तोंडात सहज बसतो, पण मिलानमध्ये तो परका वाटतो.

इटालियन जाणणाऱ्यांनी किंवा उपशीर्षकं केलेल्यांनी कृपया सुचवा. तोतोच्या अभिवादनात आणि शेवटच्या ओळीत, दोन्हीकडे एकच शब्द चालायला हवा.