सेशेल्सने उत्तर कोरियाचे सैनिक बोलावले, त्यात चुकलं काय?

दर्यावर्दी:
उत्तर कोरिया म्हटलं की क्षेपणास्त्रं आणि किम घराणं, पुढे गाडी सरकत नाही. पण १९८०च्या दशकात याच देशाचे पन्नासेक सैनिकी सल्लागार हिंदी महासागरातल्या सेशेल्समध्ये होते. राष्ट्राध्यक्ष फ्रान्स-अल्बेर रने यांनी त्यांना बोलावलं, आणि माझ्या मते ठीकच केलं. देशाची वस्ती जेमतेम पासष्ट हजार. नोव्हेंबर १९८१ मध्ये माइक होअर नावाच्या म्होरक्याचे भाडोत्री सैनिक रने यांचं सरकार उलथवायला रग्बी खेळाडू बनून माहे या तिथल्या मुख्य बेटाच्या विमानतळावर उतरले. कस्टमवाल्याने एकाची बॅग उघडली, तर आत एके-४७! गोळीबार झाला, डाव फसला, आणि पळायला त्यांनी पकडलं ते मुंबईला निघालेलं एअर इंडियाचं बोइंग. नेलं थेट डर्बनला. एवढं झाल्यावर दारावर राखणदार ठेवला तर नावं कशाला ठेवायची?

तिरकस_तात्या:
राखणदार कोणाचा, देशाचा की खुर्चीचा? १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष मँचम राष्ट्रकुल परिषदेसाठी लंडनला गेले आणि पाठीमागे पंतप्रधान रने यांनी सत्ता बळकावली. १९८२ मध्ये त्यांच्याच सैनिकांनी बंड केलं, ते मोडायला टांझानियाचं सैन्य लागलं. म्हणजे मदतीला माणसं आधीच होती की! कोरियन का हवे होते सांगू? ना भाषा येते, ना बेटावर कोणी सोयरं. असा माणूस बंडवाल्यांना फितत नाही.

चहाबाज:
प्योंगयांगने, म्हणजे उत्तर कोरियाच्या सरकारनेही धर्मादाय केला नव्हता हो. दोन्ही कोरिया १९९१ पर्यंत संयुक्त राष्ट्रांबाहेर. १९७५ मध्ये तर आमसभेने दोघांच्या बाजूचे परस्परविरोधी ठराव एकाच अधिवेशनात मंजूर केले होते (हसू नका, खरंच). तिथे सेशेल्सचंही एक मत आणि भारताचंही एकच. मतांची अशी ओढाताण चाललेली असताना पन्नास माणसं म्हणजे स्वस्तात काम.

दर्यावर्दी:
सौदा होता, मान्य. पण तात्या, जून १९८६ मध्ये रने यांच्याविरुद्ध कट शिजत होता तेव्हा आपणही आयएनएस विंध्यगिरी ही नौदलाची युद्धनौका माहेला धाडली. तेव्हा आपण काय लोकशाही वाचवायला गेलो होतो? खुर्ची तीच, माणूस तोच.

तिरकस_तात्या:
नव्हतोच, आणि त्याचं कौतुकही मी करत नाही. पण आपलं जहाज काही दिवसांनी परत फिरलं. कोरियन मुक्कामाला होते. पाहुणा आणि घरजावई यांत फरक कराल की नाही?