‘ताशी तीसने जाणाऱ्याला हेल्मेट कशाला?’ या पोस्टला उत्तर

चाकजोड
कालच्या पोस्टमध्ये एक जण लिहितो, "पुण्यात गाडी तिसाच्या वर जातच नाही. हेल्मेट हायवेला घाला. सक्ती म्हणजे नुसती वसुली." खाली ‘अगदी बरोबर’ म्हणणाऱ्यांची रांग लागलीय, म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडीचा वेग वेगळा आणि डोकं आपटायचा वेग वेगळा. स्कूटरवर बसलेल्याचं डोकं रस्त्यापासून साधारण दीड मीटर वर असतं. तेवढ्या उंचीवरून ते खाली आलं की जमिनीला लागताना वेग होतो ताशी साडेएकोणीस किलोमीटर. यात गाडीचा वेग धरलेलाच नाही. उघडं डोकं डांबरावर तीनेक मिलिमीटरात थांबतं, म्हणजे धक्का गुरुत्वाकर्षणाच्या ५०० पट. हेल्मेटच्या आतला थर्माकोल २५ मिलिमीटर दबला तर तोच ६० पटींवर येतो. ही ढोबळ सरासरी आहे, क्षणभराचा धक्का याच्या वर जातो. पण हेल्मेटच्या चाचणीत डोक्याला बसणाऱ्या धक्क्याची युरोपीय मानकातली कमाल मर्यादा २७५ पट आहे, यावरून फरक समजून घ्या.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ साली हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण मेले असं नोंदलंय. त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. हे सगळे काही हायवेवरच नव्हते.

पेठकर
डोकं वाचतं हे कोण नाकारतंय? मुद्दा सक्तीचा आहे आणि तो तुम्ही सोडून दिलात. २०१६ ला परिवहनमंत्री रावते यांनी ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ काढलं. १ जानेवारी २०१९ पासून पुण्यात चौकाचौकात कारवाई. नोव्हेंबर २०२४ मध्ये मागे बसणाऱ्यांवर वेगळं चलन करायचा आदेश. दर वेळी बोट दुचाकीवाल्याकडेच.

मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत दोन कलमं आली. १९४ डी : हेल्मेट नसेल तर हजार रुपये आणि तीन महिने लायसन्स बंद. १९८ ए : रस्त्याच्या सदोष रचनेमुळे किंवा देखभालीमुळे कोणी मेलं वा अपंग झालं तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला, सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड. पहिल्याचा मेसेज मोबाइलवर येतो. दुसऱ्यासाठी चौकात कोण उभं असतं, सांगा. आधी रस्ता द्या, मग माझ्या डोक्याला हात लावा.

राधिका (हडपसर)
पेठकर, ‘आधी रस्ता, मग हेल्मेट’ हे मला पटत नाही. रस्ता वाईट असेल तर हेल्मेटची गरज वाढते. पण सक्तीवाल्यांनाही एक विचारायचंय. चौकात पोलीस काय बघतात? डोक्यावर काहीतरी आहे एवढंच. फुटपाथवरची टोपी चालते, हनुवटीचा पट्टा लोंबकळत असला तरी चालतो. पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्याच धक्क्याला उडतं, मग डोकं उघडंच आपटतं.

१ जून २०२१ पासून आयएसआय खूण नसलेलं हेल्मेट विकायलाच बंदी आहे. आयएस ४१५१ हा आकडा आणि त्याजवळ परवाना क्रमांक बघा. अस्तर बाजूला करून आत थर्माकोलच आहे का ते बघा. स्वस्तातल्यात नुसता मऊ फोम असतो, तो बोटाने दाबला की तळाला लागतो. माप घ्यायचं भुवयांच्या जरा वर, टेप गोल फिरवून. हेल्मेट घालून पट्टा लावा आणि मागची कड धरून पुढे ओढा. निघालं तर ते तुमच्या मापाचं नाही. एकदा जोरात आपटलेलं परत वापरू नका, वरून चीर दिसत नसली तरी आतला थर्माकोल दबलेला असतो आणि तो परत फुगत नाही.

नवीन दुचाकीबरोबर हेल्मेट द्यायचं असा केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ आहे. शोरूममध्ये मागून घ्या.

पेठकर
आणि दोन हेल्मेटं ठेवायची कुठे? डिक्कीत एक पूर्ण हेल्मेट धड मावत नाही. मंडईत भाजीच्या पिशव्या, त्यात दोन हेल्मेटं. नियम करणाऱ्यांनी कधी दुचाकीवरून मंडई केली आहे का?

चाकजोड
पाच-दहा मिनिटांची गैरसोय आणि मेंदूची इजा एका तराजूत घालताय. सीटखालच्या हुकला पट्ट्याने अडकवा आणि सीट बंद करा. एवढं जमत नसेल तर वाद घालायचा हट्ट आहे, बाकी काही नाही.

पेठकर
हट्टी म्हणायचं कारण नाही. मुद्द्यावर बोला.

सिव्हिल सातारा
तुमचं चालू द्या, पण १९८ ए निघालंच आहे तर गतिरोधकांबद्दल कोणीच कसं बोलत नाही? इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था, तिचं गतिरोधकांवरचं १९८८ चं आयआरसी ९९ काढून बघा. गोलाकार उंचवटा गाडी जाते त्या दिशेने ३.७ मीटर रुंद, मधोमध १० सेंटिमीटर उंच, वक्रता १७ मीटर त्रिज्येची. ताशी २५ ने आरामात पार करता यावा म्हणून हे माप आहे. ४० मीटर आधी सूचनाफलक. गल्लीत काय असतं? हातभर रुंद आणि वीतभर उंच डांबराचा बांध, रातोरात टाकलेला, पट्टे नाहीत, फलक नाही.

स्कूटरच्या दोन चाकांमध्ये साधारण सव्वा मीटर अंतर. मापातल्या उंचवट्यावर दोन्ही चाकं एका वेळी चढावर असतात, गाडी तरंगत जाते. अरुंद बांधावर पुढचं चाक उतरतं तेव्हा मागचं चढायचं असतं. सस्पेन्शन दबून सुटतं आणि मागचा माणूस वर उडतो, कारण तो मागच्या चाकाच्या जवळपास वरच बसलेला असतो. एका बाजूला पाय टाकून बसलेल्या बाईला मांड्यांनी गाडी धरताच येत नाही, ती तोल जाऊन मागे पडते, डोक्याच्या मागच्या भागावर. रबरी गतिरोधक तर आणखी वाईट. तुकडा निघून जातो, बोल्ट रस्त्यावर उभा राहतो.

राधिका (हडपसर)
शाळेसमोर मग काय करायचं? लोक अर्ज करतात म्हणूनच नगरसेवक टाकून देतो.

सिव्हिल सातारा
शाळेसमोर टेबल टॉप करा, म्हणजे सपाट माथ्याचं उंच झेब्रा क्रॉसिंग. चढ-उतार लांब ठेवायचा, पावसाचं पाणी अडणार नाही अशी कडेला वाट ठेवायची. अर्जात नुसतं ‘गतिरोधक हवा’ लिहू नका, माप लिहा. आणि खोदाईचं बघा. केबलचा चर एकदम माती लोटून बुजवतात. थराथराने धुम्मस मारली नाही की पहिल्या पावसात तो खचतो. चर रस्त्याला समांतर असेल तर टायर त्या कडेत अडकतं आणि हँडल वळतच नाही.

चाकजोड
हे सगळं मान्य. पण यातून हेल्मेट नको हे कसं निघतं?

पेठकर
निघत नाही. पडण्याच्या उंचीचं गणित मला माहीत नव्हतं, ते पटलं. मागे बसणारीचंही पटलं, तिला हेल्मेट घ्यायला हवं. सक्तीचं मात्र पटलं नाही आणि पटणार नाही, जोवर १९८ ए चं एक तरी चलन दिसत नाही. सिव्हिल, ते गल्लीतलं माप कसं घ्यायचं ते सांगा.

सिव्हिल सातारा
पहाटे रहदारी नसताना जा. बांधाच्या माथ्यावर सरळ काठी अशी ठेवा की तिचं टोक बांधाबाहेर सपाट रस्त्यावर येईल, ती समतल धरा. काठीच्या टोकापासून खाली रस्त्यापर्यंत टेप लावा, ती उंची. मग चढ जिथे सुरू होतो तिथपासून उतरतो तिथपर्यंत रुंदी. टेप दिसेल असा फोटो काढा आणि अर्जाला जोडा. १० आणि ३.७ हे दोन आकडे शेजारी लिहा.