सांस्कृतिक केंद्र बांधताय, पण हलगी कुठे तापवायची?
(चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

गच्चीवरून
लालबागला आमच्या भागात एका जुन्या इमारतीचा पुनर्विकास चाललाय. तळघर, तळमजला आणि पहिला मजला मिळून ट्रस्टला ‘भारतीय वारसा सांस्कृतिक केंद्र’ काढायचंय. मी आयुष्यभर ड्राफ्ट्समनची नोकरी केली, म्हणून कमिटीत मला नकाशे बघायला बसवलंय. गेल्या आठवड्यात आर्किटेक्टने सादरीकरण केलं. दर्शनी बाजूला राजस्थानी कमानी आणि जाळी, आत शिरल्यावर ‘पाच हजार वर्षांचा भारत’ दाखवणारी एलईडी भिंत, ४०० खुर्च्यांचा एसी हॉल, आणि काचेमागे नऊवारी नेसलेला एक पुतळा, लावणीच्या पवित्र्यात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, तालमी कुठे करायच्या? तर म्हणाला, "काका, हॉल मल्टिपर्पज आहे ना." मल्टिपर्पज म्हणजे पुढेमागे लग्नाचा हॉल, हे लालबागकराला कुणी सांगायला नको.

मागच्या श्रावणात अशाच एका चकाचक हॉलात आमच्या ओळखीच्या पोरांचा कार्यक्रम होता. टेम्पोतून येता येता हलग्या पावसाने गारठल्या. कातडं ओल धरतं, सैल पडतं, मग टिपरू मारलं की पुठ्ठ्यावर मारल्यासारखा आवाज येतो. तापवायला जागा कुठेच नाही. पोरांनी पार्किंगमध्ये रद्दी पेटवली, वॉचमन शिट्टी फुंकत धावला. तिसरी घंटा झाली तेव्हा एकजण ग्रीनरूममध्ये हेअर ड्रायरने हलगी शेकत उभा होता.

म्हणून म्हणतो, नकाशा मागून पुढे काढायला घ्या. आधी तालमीच्या दोन-तीन खोल्या, टेम्पो मागे लागेल अशी जागा, बायकांसाठी धड संडास. उरलेल्या जागेत हॉल बसवा, २०० खुर्च्यांचा झाला तरी चालेल. कमानी नि एसी नसले तरी बिघडत नाही. तुमचं काय म्हणणं?

तिसरी घंटा
काका, हेअर ड्रायर वाचून हसलो, पण मुद्दा पटला नाही. मी ३० वर्षं नाटकांची व्यवस्था बघतोय. तालमीच्या खोलीचं भाडं कलाकार देणार किती आणि कधी? शनिवार-रविवार हॉल लागला नाही तर महिन्याचं लाइटबिल निघत नाही, आणि २०० खुर्च्यांवर निर्मात्याचं गणित बसत नाही.

बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) २०२३ ला नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटर झालं, त्याला नावं ठेवणं हा आपल्याकडे छंदच झालाय. मोठ्या थिएटरात २००० खुर्च्या, वर हजारो स्फटिक लावलेले. पण त्याच इमारतीत २५० आणि १२५ खुर्च्यांच्या छोट्या जागाही आहेत, त्याबद्दल कुणी बोलत नाही. माझ्या मुलीला मी शिवाजी मंदिरला नाटकाला दहा वेळा बोलावलं, आली नाही. बीकेसीला मात्र फोटो काढायला गेली आणि जुन्या कपड्यांचं प्रदर्शन दोन तास बघून आली. गळाला आमिष लावायचं नाही आणि वर मासे येत नाहीत म्हणून रडायचं, याला काय अर्थ आहे?

पेटारा
आमच्या दशावताराक स्फटिक कित्याक व्हये? देवळासमोरचा मांड आणि एक बाक, झाला रंगमंच. पेटाऱ्यातल्या गणपतीची पूजा करायला आडोसा मिळाला की बस.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. नमन, जाखडी, शक्ती-तुरा करणाऱ्या कोकणातल्या मंडळांना मुंबईत परवडणारी जागा होती ती परळच्या दामोदर नाट्यगृहाची. १९२२ सालचं थिएटर. २०२३ ला पुनर्विकासासाठी बंद झालं. त्या वर्षी आमच्या मंडळाने रविवारच्या एका तारखेसाठी इतके उंबरठे झिजवले की शेवटी एका शाळेच्या पटांगणात मांडव घातला. त्यामुळे तिसरी घंटा, ‘हॉल लागला नाही तर’ हे वाक्य आमच्यासमोर नको. हॉल लागतो. भाडं झेपत नाही.

आणि वारसा जपायला काय लागतं म्हणता? सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांचं संग्रहालय उभं केलं ते गुरांच्या गोठ्यात. २०२१ ला पद्मश्री मिळाली. गोठ्याला कमान नव्हती.

दमट हवा
गोठ्याचं कौतुक मलाही आहे. पण ‘खोली द्या, बाकी कला आपोआप टिकते’ या सुराची मला आता भीती वाटते. मी जुन्या ध्वनिफिती डिजिटल करण्याचं काम करते. गेल्या वर्षी एका शाहिराच्या नातवाने पत्र्याच्या ट्रंकेतून १४ स्पूल आणून दिले. झाकण उघडलं तर आंबलेल्या ताकासारखा वास, आणि फितीच्या कडांवर पिठी भुरभुरल्यासारखी पांढरी बुरशी. पाच वाचले. बाकीच्यांची फीत यंत्रावर फिरवली की चॉकलेटी भुगा हेडवर, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागावर, उतरायचा. तो भुगा म्हणजेच आवाज होता हो.

मुंबईत पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. फिती, फोटो, जुनी कवनांची बाडं यांना ५०च्या आसपास लागते, तीही रोज, रात्रीसुद्धा. एनसीपीएकडे (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रणांचा मोठा संग्रह आहे, तो काय उघड्या खिडकीत ठेवून टिकलाय? तेव्हा काका, तुम्ही एसीला सरसकट शिव्या देऊ नका. हॉलचा एसी रात्री बंद करा, पण एक खोली अशी हवी जिचा एसी आणि डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) कधीच बंद होणार नाही.

एक विचारते, तुमच्या नकाशात संग्रह कुठल्या मजल्यावर आहे?

गच्चीवरून
तळघरात. पंपरूमच्या शेजारी.

दमट हवा
लालबागला! २६ जुलै २००५ विसरलात? सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. आणि परळ-लालबागला पाणी तुंबायला तेवढाही लागत नाही, हिंदमाता चौकात कुणालाही विचारा.

गच्चीवरून
लाज वाटली वाचून. मी नकाशात तालमीची खोली शोधत बसलो आणि ही गोष्ट नजरेतून सुटली. एसीबद्दलचं म्हणणंही मागे घेतो, अर्धं तरी.

वीट-चुना
मी आर्किटेक्ट. (तुमचा नव्हे.) थोडं आमच्या जमातीच्या बाजूने बोलतो. परंपरा कमानीत असते असं शिकवत नाहीत आम्हाला, गिऱ्हाईक मागतं म्हणून कमानी येतात. चार्ल्स कोरिया आपल्या मुंबईचे. त्यांनी जयपूरला जवाहर कला केंद्र केलं तेव्हा जुन्या शहराचा नऊ चौकांचा आराखडा घेतला. मूळ शहरात डोंगर आडवा आला म्हणून एक चौक सरकवावा लागला होता. यांनीही एक चौक फिरवला आणि त्या फटीतून प्रवेशद्वार काढलं. भोपाळचं भारत भवन (१९८२) त्यांचंच, तळ्याच्या उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणारी अंगणं. आणि तिथे चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी विद्यार्थ्यांना गावोगाव धाडलं, त्यातून जनगढसिंह श्याम हा गोंड चित्रकार जगाला कळला. त्यामुळे पेटारा, इमारतीने काही होत नाही असंही नाही. आत माणूस कोण बसवता, त्यावर आहे.

आता तुमचं प्रकरण. राजस्थानी जाळी मुंबईत लावली की वर्षभरात कबुतरं बसतात आणि पाऊस आडवा आत येतो. लालबागची स्वतःची वास्तू कुठली? चाळ. लांब गॅलरी, रुंद जिना, मधला चौक. गणपतीची आरास, भजन, पोवाडा, सभा, सगळं त्या चौकात व्हायचं आणि तीन मजल्यांच्या कठड्यावरून लोक बघायचे. तो चौक पुन्हा बांधा. तालमीच्या खोल्यांची दारं त्या गॅलरीत उघडू द्या. तिसरी घंटाला हवी ती गिऱ्हाइकंही तिथेच थबकतील. तालीम चालू असताना जाता-येता डोकावणं हे एलईडी भिंतीपेक्षा मोठं आमिष आहे.

एकाच गोष्टीवर काकांशी माझं जमणार नाही: पार्किंगमधला जाळ. एनसीपीएचं जमशेद भाभा थिएटर १९९७ ला बांधकाम चालू असतानाच आगीत सापडलं, १९९९ ला कुठे उघडलं. फायर एनओसी (अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला) ही नुसती कटकट नाही. हलगीला जागा द्या, पण आकाशाखाली.

तिसरी घंटा
चौक सुंदर, ऐकायला. पण चौकाची जागा कुठून येणार? ४०० खुर्च्यांतून. म्हणजे तोटा माझ्यासारख्यांनी सोसायचा. शिवाय चाळीचा चौक म्हणून बांधाल आणि पाच वर्षांत तिथे दुचाक्या लागतील, पैजेवर सांगतो. मी कितीतरी नाट्यगृहांत ‘कलादालन’ लिहिलेल्या खोलीत मोडक्या खुर्च्या रचलेल्या पाहिल्यात.

तरी एक तोडगा सुचतो. शनिवार-रविवारी हॉल पूर्ण भाड्याने. सोमवार ते गुरुवार मंडळांना तालमीच्या दराने, रंगमंचासकट. आणि हे ट्रस्टच्या ठरावात लिहून घ्या, नाहीतर नवीन कमिटी आली की पहिली गदा त्यावरच.

पेटारा
सोमवार ते गुरुवार आमची पोरं ड्युटीवर असतात हो. रात्री नऊनंतर उघडं ठेवाल तर बोला. शेवटची कर्जत लोकल मध्यरात्रीनंतर असते, तोवर ठीक.

गच्चीवरून
आज टेप घेऊन साइटवर जाऊन आलो. मागच्या बाजूला मोकळी जागा आहे, ११ फूट रुंद, वर आकाश. नकाशात तिथे जनरेटर दाखवलाय. संग्रह पहिल्या मजल्यावर न्यायचा तर पुतळ्याची काच जाते, त्याचं मला दुःख नाही. चौकासाठी ९० खुर्च्या कमी कराव्या लागतील, अध्यक्ष ऐकतील असं वाटत नाही. रविवारी मीटिंग आहे. जनरेटर कुठे सरकवता येईल, कुणी सांगेल का?

वीट-चुना
गच्चीवर. तळघरात अजिबात नको. स्ट्रक्चरल इंजिनीअरला वजन आधी कळवा.

पेटारा
११ फूट पुष्कळ झाले. शेगडी आणि कोळसे आमचे आम्ही आणू. राखेला एक पत्र्याचा डबा तेवढा ठेवा. मागच्या खेपेला कुंडीत टाकली म्हणून मॅनेजरची बोलणी खाल्ली होती.