मुलगी दहावीत जाणार: कॉलेज प्रवेश आणि आर्थिक साहाय्याची तयारी कधीपासून करावी?

अंगणवेल:
नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमची मुलगी सप्टेंबर २०२६ मध्ये हायस्कूलच्या दहावीत जाईल आणि २०२९ मध्ये कॉलेजात दाखल होईल. धाकटा मुलगा तिच्या दोन इयत्ता मागे आहे. दोघांचाही जन्म इथलाच असल्याने ते अमेरिकन नागरिक आहेत. मात्र यजमान एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आणि मी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर आहे, आणि माझ्याकडे सोशल सिक्युरिटी क्रमांकही नाही. आमचे वार्षिक उत्पन्न साधारण दीड लाख डॉलर आहे. पुण्यात एक फ्लॅट असून तो भाड्याने दिलेला आहे. आजी-आजोबांनी वेळोवेळी दिलेले पैसे मुलीच्या नावावरच्या कस्टोडियल खात्यात (मालकी मुलीची, कारभार पालकांचा) गुंतवलेले आहेत.

परिचितांपैकी बहुतेकांचे म्हणणे असे की एवढ्या उत्पन्नावर मदत मिळत नाही, तेव्हा फॅफ्सा हा केंद्रीय शैक्षणिक मदतीचा अर्ज भरण्याच्या फंदात पडू नये, आणि जी काही धावपळ करायची ती बारावीत करावी. हे कितपत खरे आहे? आमच्या व्हिसामुळे मुलीला अडचण येईल का?

वाटाड्या:
आपल्या परिचितांचा सल्ला दोन्ही बाबतींत पटण्यासारखा नाही. आधी व्हिसाचे पाहू. केंद्रीय मदतीसाठी विद्यार्थ्याचे नागरिकत्व पाहिले जाते, पालकांचे नव्हे, त्यामुळे आपली मुलगी पात्र आहे. आपण दोघे एकत्रित कर विवरणपत्र भरत असाल, तर फॅफ्सावर एकाच पालकाने माहिती आणि संमती दिली तरी चालते, म्हणजे आपल्या सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा प्रश्नच येत नाही. व्हिसाची खरी अडचण दुसरीकडे आहे: पेरेंट प्लस हे पालकांच्या नावावरचे केंद्रीय कर्ज नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक अशा पात्र पालकांनाच मिळते. तोवर ग्रीन कार्ड आले नाही, तर तो मार्ग आपल्याला बंद आहे हे गृहीत धरूनच हिशेब मांडावा.

आता ‘बारावीत बघू’ या म्हणण्याविषयी. फॅफ्सा साधारणपणे बारावीच्या १ ऑक्टोबरला खुला होतो, पण त्यात उत्पन्न धरले जाते ते दोन वर्षे आधीचे. २०२९-३० या शैक्षणिक वर्षासाठी २०२७ चे कर विवरणपत्र पाहिले जाईल, आणि २०२७ म्हणजे आपल्या मुलीच्या दहावीचा उत्तरार्ध आणि अकरावीचा पूर्वार्ध. पुण्याचा फ्लॅट विकण्याचा विचार असेल आणि तो नेमका २०२७ मध्ये विकला गेला, तर त्यावरचा भांडवली नफा त्या वर्षीच्या उत्पन्नात मिळून कुटुंब कागदोपत्री एकाएकी श्रीमंत दिसू लागेल. मालमत्ता मात्र अर्ज भरण्याच्या दिवशी असेल तशी दाखवायची असते. राहते घर फॅफ्सात मोजत नाहीत. भाड्याने दिलेला फ्लॅट, मग तो भारतात का असेना, कर्ज वजा जाता उरलेल्या किमतीसह मोजला जातो.

कस्टोडियल खात्याकडे तर आजच लक्ष द्यावे. केंद्रीय सूत्रात मुलांच्या नावावरच्या पैशांपैकी २० टक्के रक्कम दरवर्षी शिक्षणासाठी उपलब्ध आहे असे मानले जाते. पालकांच्या मालमत्तेसाठी हाच दर जास्तीत जास्त ५.६४ टक्के आहे. म्हणजे १०,००० डॉलर मुलीच्या खात्यात असतील तर २,००० आणि पालकांच्या रकान्यात असतील तर फार तर ५६४ डॉलर. तेच पैसे कस्टोडियल ५२९ योजनेत, म्हणजे शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात, वळवले, तर मालकी मुलीचीच राहते, परंतु ती पालकांवर अवलंबून असल्यामुळे फॅफ्सा ते पालकांची मालमत्ता म्हणून धरतो. वळवण्यासाठी आधी गुंतवणूक विकावी लागते आणि नफ्यावर कर लागू शकतो, म्हणून हे काम २०२६ संपण्यापूर्वी, कर सल्लागाराला विचारून उरकावे.

निरीक्षक:
वरील प्रतिसादातला हिशेब बरोबर आहे, पण आपल्या उत्पन्नाच्या कुटुंबाने एवढ्यावर थांबू नये. गरजेनुसार मिळणारी मदत आणि गुणवत्तेवर मिळणारी सवलत या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि कोणते कॉलेज यांपैकी काय देते यावर सगळे अवलंबून आहे. आयव्ही लीगमधील विद्यापीठे गुणवत्तेसाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत; तिथे जे मिळते ते गरजेवर. परंतु त्यांची गरजेची व्याख्या बरीच उदार आहे: हार्वर्डने २०२५-२६ पासून, सर्वसाधारण मालमत्ता असलेल्या आणि २ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना ट्यूशन, म्हणजे शिक्षण शुल्क, माफ केले आहे. ‘आपल्या उत्पन्नावर काही मिळत नाही’ हे विधान म्हणूनच सरसकट करता येत नाही. उलट अनेक सरकारी विद्यापीठांत या उत्पन्नावर गरजेची मदत जवळजवळ शून्य असते, आणि तिथे गुणांवर मिळणारी सवलतच कामाला येते.

ज्या कॉलेजांना केंद्रीय मदत मिळते त्यांना आपल्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता प्रत्यक्ष किती खर्च येईल याचा अंदाज देणारे साधन) ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. मुलीचे मन एखाद्या कॉलेजवर जडण्यापूर्वी, म्हणजे दहावीतच, आपण दोघांनी बसून आठ-दहा कॉलेजांचे आकडे काढावेत. भाड्याची मालमत्ता असलेल्या कुटुंबांसाठी हे अंदाज चुकू शकतात, तेव्हा फ्लॅट आहे हे सांगून कॉलेजच्या मदत कार्यालयालाच ईमेल करावा. अनेक खासगी कॉलेजे स्वतःची मदत ठरवण्यासाठी फॅफ्साखेरीज सीएसएस प्रोफाइल हा अर्जही मागतात, आणि तो अधिक खोलात जातो. राहत्या घराची किंमतही त्यात विचारली जाते.

धाकट्या मुलाविषयी एक सांगतो. दोन मुले एकाच वेळी कॉलेजात असली की पालकांचा वाटा विभागला जाण्याची सोय केंद्रीय सूत्रातून २०२४-२५ पासून काढली गेली. सीएसएस प्रोफाइल घेणारी काही कॉलेजे आजही ती देतात, आणि आपली दोन्ही मुले दोन वर्षे एकाच वेळी शिकणार असल्याने कॉलेजांची यादी करताना ही चौकशी जरूर करावी.

जुई:
मी हायस्कूलमध्ये शिकवते, त्यामुळे माझा कल थोडा वेगळा आहे. पैशांची तयारी हवीच, पण गुणांवरची सवलत ज्या प्रगतिपुस्तकावर ठरते ते नववीपासून लिहिले जात आहे आणि बारावीत ते बदलता येत नाही. अकरावी-बारावीत कॅल्क्युलस घ्यायचे असेल तर गणिताचा क्रम दहावीतच ठरतो; हा विषय समुपदेशकाशी या वसंतातच काढावा, कारण पुढच्या वर्षाचे विषय तेव्हाच निवडले जातात. एपी, म्हणजे हायस्कूलमध्येच देता येणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षा, झेपतील तेवढ्याच घ्याव्यात. दहा विषयांची रांग लावून सगळ्यांत मध्यम गुण आणणाऱ्या मुलांची मला नेहमी काळजी वाटते.

अकरावीच्या ऑक्टोबरमधील पीएसएटी या परीक्षेवर नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीची निवड ठरते, म्हणून ती मुलीने गांभीर्याने द्यावी. आपल्या राज्यात एनजे स्टार्स ही योजनाही आहे: अकरावी किंवा बारावीअखेर वर्गातील पहिल्या १५ टक्क्यांत असणाऱ्यांना आपल्या काउंटी कॉलेजात, म्हणजे स्थानिक कम्युनिटी कॉलेजात, ट्यूशन भरावे लागत नाही. कम्युनिटी कॉलेज म्हटले की आपल्याकडे नाके मुरडली जातात, ते मला पटत नाही.

बंधनकारक अर्लि डिसिजनबाबत, म्हणजे निवड झाल्यास तिथेच जाण्याचे वचन देऊन एकाच कॉलेजात लवकर अर्ज करण्याबाबत, मात्र सावध राहावे. तिथे निवड झाली की इतर कॉलेजांच्या मदतीशी तुलना करण्याची संधी जाते. मदत अपुरी ठरल्यास करारातून बाहेर पडता येते हे खरे, पण पुढे कुठे जायचे हे तेव्हा ठाऊक नसते. कॅल्क्युलेटरचा आकडा परवडणारा असेल आणि कॉलेजने लेखी दुजोरा दिला असेल, तरच तो मार्ग धरावा.

अंगणवेल:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक शंका उरते. केंद्रीय अनुदान आम्हाला मिळणार नाही असे दिसले, तरीही फॅफ्सा भरावा का? आणि यजमानांची नोकरी २०२७ नंतर गेली, तर जुन्याच उत्पन्नावर निर्णय होणार का?

वाटाड्या:
भरावा. मुलीच्या स्वतःच्या नावावरचे केंद्रीय कर्ज गरज सिद्ध न होताही मिळते आणि ते फॅफ्साशिवाय मिळत नाही. पहिल्या वर्षी त्याची मर्यादा ५,५०० डॉलर आहे, मात्र गरज नसल्यास व्याज पहिल्या दिवसापासून चढते. शिवाय बरीच कॉलेजे स्वतःच्या निधीतली मदत देण्यापूर्वीही हा अर्ज मागतात.

नोकरी गेल्यास फॅफ्सा २०२७ च्या आकड्यांनीच भरावा लागेल. त्यानंतर प्रत्येक कॉलेजच्या मदत कार्यालयाला पत्र लिहून बदललेल्या परिस्थितीनुसार फेरविचार मागावा. तसा अधिकार कायद्यानेच त्या कार्यालयांना दिलेला आहे, पण निर्णय कॉलेजनिहाय होतो आणि त्यासाठी नोकरी संपल्याचे पत्र, शेवटची वेतनपावती व बेरोजगार भत्त्याची कागदपत्रे जोडावी लागतात. आपल्या बाबतीत व्हिसाचा कालावधीही अडचणीत येईल, म्हणून वेतनपावत्या आणि व्हिसाची कागदपत्रे एका फाइलमध्ये आतापासूनच लावत जावीत.