जायंट मोरे ईल सतत जबडा का उघडत असते?

प्रवाळवेडा
प्रवाळभित्तीवरच्या बहुतेक चित्रफितींत जायंट मोरे ईल (सापासारखा लांबलचक मासा) कपारीतून डोके बाहेर काढून जबड्याची उघडझाप करताना दिसते आणि निवेदक त्याला धमकी म्हणतो. परंतु जवळपास कोणीही नसताना तिचे हेच चाललेले असते, म्हणून हे स्पष्टीकरण मला पटत नाही. दुसरे असे की, बरेच मासे तोंडाची पोकळी झटकन फुगवून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतात; अरुंद फटीत डोके फुगवायला जागा नसताना ही ईल भक्ष्य गिळते तरी कशी?

सागरअभ्यासक
तुमची शंका रास्त आहे. ती उघडझाप म्हणजे मुख्यतः श्वसन होय. इतर माश्यांसारखे रुंद, हलते कल्ल्यांचे झाकण मोरे ईलला दिसत नाही. डोक्यामागे दोन्ही बाजूंना केवळ एकेक लहान गोल छिद्र असते, आणि तोंडातून घेतलेले पाणी कल्ल्यांवरून फिरवून त्या छिद्रांवाटे बाहेर काढण्यासाठी तिला जबडा सतत हलवावा लागतो. जायंट मोरेमध्ये (शास्त्रीय नाव जिम्नोथोरॅक्स जाव्हानिकस; ब्लीकर यांनी १८५९ मध्ये वर्णन केलेली जात) हे छिद्र ओळखणे विशेष सोपे आहे, कारण त्याच्याभोवती काळा डाग असतो. प्रौढ ईलच्या तपकिरी अंगावर, डोक्यामागच्या भागात, बिबट्यासारखे ठिपकेही दिसतात.

गिळण्याची रीत तर याहून विलक्षण आहे. रीटा मेहता आणि पीटर वेनराइट या संशोधकांनी २००७ मध्ये मोरे कुळातल्याच दुसऱ्या एका जातीच्या अभ्यासातून दाखवून दिले की, पुढच्या जबड्याने भक्ष्य पकडताच घशातली दातेरी जबड्यांची दुसरी जोडी पुढे सरकून तोंडात येते, भक्ष्यात रुतते आणि त्याला अन्ननलिकेकडे ओढून नेते. घशात जबडे पुष्कळ माश्यांना असतात, पण ते इतके पुढे येऊन भक्ष्य खेचत नाहीत. तुम्ही विचारलेल्या अडचणीवरचा हाच तोडगा आहे, कारण यात डोके फुगवून पाणी ओढण्यावर विसंबावे लागत नाही. अंगावर खवले नसणे, त्वचेवर चिकट श्लेष्म असणे, छातीचे व पोटाचे पर नसणे, ही सारी वैशिष्ट्येही कपारीत वावरायला सोयीचीच ठरतात.

निळेपाणी
वरील उत्तरात एक भर घालतो, कारण तिच्या शिकारीविषयी फार कमी लिहिले जाते. मोरे ईल प्रामुख्याने रात्री, वासाच्या आधारे, खडकांच्या फटींतून शिकार करते, तर ग्रुपर मासा दिवसा उघड्या पाण्यात. रेदुआन बशारी आणि सहकाऱ्यांनी तांबड्या समुद्रातील निरीक्षणे २००६ मध्ये प्रसिद्ध केली; त्यांत ग्रुपर दिवसा विसावलेल्या जायंट मोरेच्या अगदी तोंडासमोर जाऊन डोके जलद हलवतो, आणि पुष्कळदा ती बाहेर येऊन त्याच्याबरोबर निघते. एखादे भक्ष्य फटीत निसटले, तर ग्रुपर त्या जागेवर पुन्हा तसेच डोके हलवून तिला तिथे बोलावतो. मला हे फार मोलाचे वाटते, कारण यात भिन्न जातींचे दोन मासे हेतुपूर्वक एकत्र येतात.

प्रवाळवेडा
मनःपूर्वक आभार. मग मिळालेली शिकार दोघे वाटून घेतात का?

निळेपाणी
नाही. दोघेही भक्ष्य अख्खे गिळतात, त्यामुळे वाटणीचा प्रश्नच उद्भवत नाही. ईल फटीत शिरली की लपलेल्या माश्याला बाहेर पळावे लागते आणि तिथे ग्रुपर असतो. ग्रुपरच्या भीतीने तो आतच थांबला, तर ईलच्या तावडीत सापडतो. एका वेळी एकालाच घास मिळतो, परंतु वारंवारच्या शिकारीत दोघांचाही लाभ होतो.

सागरअभ्यासक
जाता जाता तिच्या विषारीपणाविषयी सांगणे आवश्यक वाटते. शैवालावर राहणाऱ्या गँबिअरडिस्कस या सूक्ष्मजीवांपासून येणारी विषे शाकाहारी माश्यांतून वरच्या शिकाऱ्यांत साठत जातात, आणि सुमारे तीन मीटरपर्यंत वाढणारी ही ईल त्या साखळीच्या टोकाशी असल्याने तिच्या शरीरात, विशेषतः यकृतात, सिग्वाटॉक्सिन नावाचे असे विष मोठ्या प्रमाणात आढळू शकते. या विषाची रासायनिक रचना १९८९ मध्ये उलगडली, तीही याच जातीच्या ईलच्या आतड्या-यकृतातून ते वेगळे काढून. शिजवल्याने ते नष्ट होत नाही, आणि चव वा वासावरून ओळखूही येत नाही. बाधा झालेल्या व्यक्तीला थंड वस्तूचा स्पर्श भाजल्यासारखा किंवा झिणझिण्या आल्यासारखा जाणवतो. म्हणून मोठी मोरे ईल खाणे टाळावे.