कोडिंगचा प्रोजेक्ट केलाय का कुणी? अनुभव लिहा

म्हापशाची_मावशी
भाचीला शाळेत स्क्रॅचवर (मुलं ठोकळे जोडून कोड करतात ते) प्रोजेक्ट करून द्यायचाय. तिची वही चाळताना आमचा कॉलेजातला 'प्रोसेसिंग'मधला (कोड लिहून चित्रं काढतात ते) प्रोजेक्ट आठवला. कावीची नक्षी घेतली होती, आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवरची तांबडी-पांढरी. ठरवलेलं अख्खं देऊळ! बाईंनी आधी कागदावर एकच फूल काढायला लावलं. कोडात एक पाकळी काढायची, ४५ अंशांनी फिरवत आठ करायच्या. तिथे शून्य, म्हणजे जिथून आडवं-उभं अंतर मोजतात तो बिंदू, डावीकडे वरच्या कोपऱ्यात असतो, म्हणून ट्रान्सलेट करून तो आधी फुलाच्या मध्यावर न्यायचा, मगच रोटेट. आठवी पाकळी जागेवर बसली तेव्हा मैत्रिणीने मला मिठीच मारली. मग लूप लावून (तेच काम परत परत करायला सांगून) त्याच फुलाने भिंत भरली. अख्खं देऊळ करावं लागलंच नाही. तुमचंही लिहा ना, तिला वाचून दाखवते.

अंत्रुजकार
स्क्रॅचमध्ये शून्य मधोमध असतो हं, सांगा तिला. आडवं -२४० ते २४०, उभं -१८० ते १८०.

सत्तरीतली
लेकाने चवथीची माटोळी केली, गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती. फळावर क्लिक केलं की नाव ऐकू येतं. यादी करायला बसलो तर आजी थांबेचना, कांगलां, आंबाडे, तोरींग, सुपारीचा घोस... सगळं घेतलं असतं तर पुढची चवथ आली असती. घरात होतं तेवढ्याचेच फोटो काढले, मागचं पुसलं. आवाज आजीचा. वर्गातली पोरं तो ऐकायला परत परत क्लिक करत होती. भात उतू जातोय, येते

निळो_दर्या
आजीचा आवाज!! अगो, जपून ठेव ती फाईल

अंत्रुजकार
आम्ही घुमट केलं, आपलं मातीचं वाद्य, एका तोंडाला कातडं लावलेलं. दोन कळा, दोन आवाज: मागचं तोंड उघडं ठेवून मारलेली थाप आणि डाव्या हाताने ते झाकून मारलेली. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीची शांतता कापायलाच हवी, नाहीतर कळ दाबली की थाप मागाहून येते आणि ठेका बसत नाही. आम्ही आरती वाजवली, सर झांज घेऊन उभे राहिले!

बारावी_२
माझा उद्या डेमो आहे आणि लाईट गेलीय 😭

सत्तरीतली
रडू नको बाय. स्क्रॅचचं ऑफलाईन ॲप असतं, त्याला नेट नको. फाईल पेनड्राईव्हवर घे. लाईट आली की प्रोजेक्ट चालताना फोनवर व्हिडिओही काढून ठेव.

निळो_दर्या
घुमट बकरीच्या कातड्याचंच ना? घोरपडीचं बंद आहे म्हणून विचारलं. भावाला हवंय

अंत्रुजकार
बकरीचंच. डिचोलीहून आणलं, नंबर मेसेज करतो. पावसाळ्यात कातडं सैल पडतं, वाजवण्याआधी शेकून घ्यायला सांगा.

बारावी_२
लाईट आली!! सेव्ह झालं